मातोड्झी मावशीच्या हातचं

मुताव्हानीत कामाला लागलो त्या पहिल्याच दुपारी मी मातोड्झी मावशीच्या हातचं पोटभर जेवलो. भोपळ्याच्या पाल्याची भाजी, शेंगदाण्याच्या कुटात शिजवलेल्या, मोपानेच्या झाडावरच्या अळ्या आणि व्हुस्वा. मक्याची ही उकड माझी आईही करते, पण मावशीची ताटात आली की मोडायला जीव होत नसे. पातळ चकत्या, एकीवर एक घातलेल्या. वरची उचलली की खालची तशीच गुळगुळीत. मी दोनदा मागून घेतलं.

बाहेर अंगणात ढोलवाला लुफुनो कातडं शेकत बसला होता. त्याने विचारलं, "जेवलास का ड्रायव्हर?"

"जेवलो."

"सगळं?"

"परत मागून."

तो बाकीच्यांकडे वळला. "ऐकलंत ना? परत मागून!" मग मला म्हणाला, "असं कर, संध्याकाळपर्यंत इथेच सावलीत बस. गाडी बिडी चालवू नकोस. रस्त्यात काही झालं तर गाडी फुकट जायची."

सगळे हसले. माझ्या खादाडपणाला हसले असं मला वाटलं. मग लक्षात आलं, की त्या अंगणात नाचणाऱ्या, ढोल बडवणाऱ्या, लाकडी भांडी विकणाऱ्या प्रत्येकाजवळ घरून आणलेला डबा आहे. पाहुण्यांच्या घराचं स्वयंपाकघर दहा पावलांवर, तिथून घमघमाट येतोय, आणि ही माणसं झाडाखाली गार उकड खातायत.

ते घर एलिना बाईंचं. बाई शाळेतून निवृत्त झाल्यावर थोहोयांडौ शहर सोडून इथे आल्या आणि प्रवाशांसाठी चार गोल झोपड्या बांधल्या. पाहुण्यांना गाडीतून आणायचं, पवित्र तळं लांबून दाखवायचं, देवराईच्या कडेने न्यायचं, ही माझी कामं. रांधायचं मावशीने. मावशीची गोष्ट मला बाईंनीच सांगितली, तीही महिनाभराने. मी टिकतोय असं दिसल्यावर.

मातोड्झी याच गावची सून. तरुणपणी तिच्यासारखी बिअर गाळणारी या डोंगराच्या कुशीत दुसरी नव्हती. लग्न असो, वयात आलेल्या मुलींचा डोंबा नाच असो, पितरांना घालायचं पेय असो, ज्वारी भिजवायला तिलाच बोलावणं जायचं. नवरा, न्त्सांडेनी, जोहान्सबर्गच्या बाजूला खाणीत. वर्षातून दोनदा यायचा. एक लहान मुलगी, दाकालो.

नव्वद साली पाऊस उशिरा आला आणि आला तो विजा घेऊन. मैदानावर चेंडू खेळणारा एक तरुण विजेने गेला. आमच्याकडे वीज आपण होऊन पडत नाही, कोणीतरी पाठवते. त्या वर्षी सगळीकडेच वणवा पेटला होता. लष्कराने इथलं सरकार उलथवलं होतं, पोरं रस्त्यावर होती, आणि म्हातारी माणसं पोरांना भिऊन होती. मुताव्हानीची पोरं डोंगरापलीकडच्या एका देवऋषीकडे गेली. त्याने कौल घ्यायला हाडं टाकली. नाव घेतलं नाही म्हणे. नुसतं म्हणाला, जिच्या हातचं तुम्ही सगळेच खाता-पिता, ती.

दुसऱ्या दिवशी ऊन कलताना पोरं आली. न्त्सांडेनी सुट्टीवर घरी होता. दाकालो आत्याकडे गेली होती, म्हणून वाचली. तो पुढच्या दारात जाऊन उभा राहिला आणि मातोड्झी मागच्या कुडातून निघाली. डोंगर चढून चहाच्या मळ्यात शिरली आणि झुडपांच्या ओळींत पालथी पडून राहिली. धूर तिला तिथून दिसला. आपलं घर जळतंय एवढंच तिला वाटलं.

पुढे काही महिने ती पोलीस चौकीच्या मागच्या आवारात होती. तिच्यासारख्या आणखीही होत्या. नंतर सरकारने अशांसाठी लांब खडकाळ माळावर जागा दिली. तिथे नुसत्या चेटकिणी राहायच्या, असं लोक म्हणत; मावशी म्हणायची, "तिथे नुसत्या विधवा होत्या." तिथून ती बऱ्याच वर्षांनी परत आली, कारण न्त्सांडेनीला त्याच अंगणात पुरलं होतं आणि त्याच्या मातीवर बिअर ओतणारं कोणी नव्हतं. जळालेल्या चौथऱ्यावरच तिने पुन्हा भिंती उभ्या केल्या.

गावाने तिला हाकललं नाही. वाटेत भेटली तर बायका रीतसर गुडघे टेकून "आऽ" म्हणायच्या, पुरुष "न्दाऽ" म्हणायचे. पण तिच्या घरचं पाणीसुद्धा कोणी घेत नसे. कुणाकडे मयत झाली की आमच्याकडे सगळ्या बायका जमून रांधतात. मावशीही आपली सुरी घेऊन जायची. तिला म्हणायचे, "या मावशी, जरा लाकडं फोडता का?" भाजीच्या पाटीला कोणी हात लावू द्यायचं नाही. ती लाकडं फोडून परत यायची, पुढच्या मयतीला पुन्हा सुरी घेऊन जायची.

मुलगी आत्याकडे वाढली आणि पोलोक्वानेला नोकरीला लागली. नाताळात यायची, आपली दोन पोरं घेऊन, पिशवीत पाव घेऊन. "गावचं त्यांच्या पोटाला झेपत नाही गं आई," म्हणायची. मावशी चुलीवरचं पातेलं झाकून ठेवायची. "बरोबर आहे. शहरातली पोटं नाजूक असतात."

एलिना बाई बाहेरच्या होत्या, आणि त्यांना स्वयंपाकीण हवी होती. असं मावशीचं जमलं. तिच्या हातचं खायला जगातून माणसं येऊ लागली: जर्मन, जपानी, डर्बनचे, केपटाऊनचे. बोटं चाटत खायची, अळ्या खाताना एकमेकांचे फोटो काढायची. मावशी गुडघ्यावर बसून वाढायची, आधी स्वतः चिमूटभर चाखायची, मग ताट पुढे करायची. पाहुण्याला हा आदर. विष नाही, हे आधी यजमानाने दाखवायचं.

एकदा केपटाऊनहून मिसेस आब्राहम्स नावाच्या एक जाडजूड, दिलखुलास बाई आल्या होत्या. त्सिकोनाचा नाच झाला, वेताचे पावे थांबले, तशा त्या उठल्या आणि म्हणाल्या, "हे काय, हे लोक उपाशी आणि आपण जेवायचं? सगळ्यांना बोलवा!"

मग लुफुनो पुढे आला. छातीवर हात ठेवून म्हणाला, "माफ करा बाईसाहेब. आमच्यात नाचलेल्याने त्या दिवशी पाहुण्यांबरोबर जेवायचं नसतं. पितरांना चालत नाही."

"अरे वा! किती सुंदर प्रथा!" बाईंचे डोळे भरून आले.

तेव्हापासून ती प्रथाच झाली. प्रत्येक गटाला मी गाडीतच सांगून ठेवायचो. मावशीने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पळी थांबवून म्हणाली, "पितरांना काय काय खपवून घ्यावं लागतं रे ड्रायव्हरा."

त्सिकोनाच्या त्या मेळाचा म्होरक्या म्बुलाहेनी. पन्नाशीकडे झुकलेला, रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा. दर शनिवारी तो अंगणात उभा राहून वीस माणसं नाचवायचा आणि भिंतीपलीकडे मावशी चूल फुंकायची. नव्वद सालच्या पोरांचाही म्होरक्या तोच होता. तुरुंगात गेला, सगळ्यांबरोबर माफी मिळून सुटला, लग्न केलं, गावात मान मिळवला. दोघं इतकी वर्षं एकाच अंगणात यायची, पण एकमेकांकडे बघितलेलं मी कधी पाहिलं नाही. बाईंना हे ठाऊक होतं. त्या म्हणायच्या, "दुसरा मेळ कुठून आणू? आणि दुसरी स्वयंपाकीण तरी कुठून आणू?"

मग म्बुलाहेनीचा आवाज बसला. आधी खोकला म्हणाले, मग घशात गाठ म्हणाले. पावा फुंकता येईना. मेळात प्रत्येकाचा एकच सूर असतो. त्याचा सूर त्याच्या पुतण्याने घेतला. इस्पितळात वर्षभर ने-आण झाली आणि एक दिवस डॉक्टरांनी घरी घेऊन जा म्हणून सांगितलं.

हिवाळ्यातली सकाळ होती. पाहुणे तळ्यावर जायला तयार होत होते, मी गाडीत पाणी भरायला स्वयंपाकघरामागे गेलो होतो. पाहतो तर म्बुलाहेनी बायकोचा, तेंदानीचा, खांदा धरून येतोय. कोट अंगावर लोंबत होता. तो दाराशी जमिनीवर बसला आणि हात जोडून म्हणाला, "न्दाऽ."

मावशीने "आऽ" म्हटलं नाही. "काय पाहिजे?"

"जेवायला आलोय."

"जेवणाचं दार पुढच्या बाजूला आहे. पाहुण्यांचं."

"मी पाहुणा नाही, मावशी."

"मी तुझी मावशी नाही."

तेंदानी रडू लागली. "ह्यांना झोप नाही हो. डोळा मिटला की तेच. म्हणतात, तिच्या हातचं खाल्ल्याशिवाय माझा जीव सुटायचा नाही."

मावशी उकड घोटत होती. घोटतच राहिली. मग तिने विचारलं, "काडी कोणी लावली?"

"धरायला बाकीचे होते," तो म्हणाला. आवाज म्हणजे नुसती फुंकर. "टायर मी आणला, त्यांच्या गळ्यात मी घातला. काडी मी लावली."

"काही बोलला का तो?"

त्याला कळलं नाही.

"माझा नवरा. शेवटी काही बोलला का? आजवर मला कोणी सांगितलेलं नाही. पोलिसांनी नाही, तुझ्या वकिलाने नाही, गावाने नाही."

म्बुलाहेनी जमिनीकडे बघत म्हणाला, "नदीकडे गेली म्हणाले. विचारलं ना आम्ही, कुठे आहे ती, तर म्हणाले, पाणी आणायला नदीवर गेली. मारलं तरी तेच. पेटवल्यावरही नदी, नदी करत होते. निम्मी पोरं नदीकडे धावली."

मावशीच्या हातातली पळी थांबली. उकड खाली लागल्याचा वास सुटला, तरी ती हलली नाही. चहाचे मळे नदीच्या अगदी उलट दिशेला आहेत.

मग तिने ते भांडं उतरवून बाजूला ठेवलं. दुसरं लहान पातेलं घेतलं, पाणी जास्त घालून पातळ पेज केली, पाल्याची भाजी दगडावर वाटून लोण्यासारखी केली. त्याने काही सांगितलं नव्हतं. त्याचा घसा तिने पाहिला होता. ताट भरलं, त्याच्यापुढे ठेवलं आणि उभी राहिली. गुडघा टेकला नाही. चाखलं नाही.

तेंदानी घाबरून म्हणाली, "मावशी, आधी तुम्ही जरा..."

"खायचं असेल तर खा. नाहीतर ऊठ."

त्याने बायकोकडे पाहिलं आणि खाल्लं. चार-पाच घास. प्रत्येक घासाला मान मागे टाकावी लागत होती. तेंदानीने एक बोटही बुडवलं नाही. तो परत "न्दाऽ" म्हणाला आणि दोघं आली तशी गेली.

मावशीने ताट घासलं आणि उन्हात उपडं घातलं. मी विचारलं, "मावशी, चाखून का नाही दिलंत?"

"विसरले," ती म्हणाली. "जा तू, पाहुणे खोळंबलेत."

थंडी सरायच्या आत म्बुलाहेनी गेला. तो जाणार हे पोराबाळांनाही ठाऊक होतं. शवपेटीचं मापसुद्धा आधीच घेऊन झालं होतं. पण मयतीच्या घरी मावशी सुरी घेऊन गेली, तेव्हा तिला लाकडंही फोडायला दिली नाहीत. एका बाईने वाटेतच सांगितलं, "आज नको."

चार दिवसांनी मुखियाने आपल्या अंगणात बैठक घेतली. पुरुष एका बाजूला, बायका चटईवर एका बाजूला. मीही गेलो, कारण ते जेवण पाहिलेला मी एकटाच बाहेरचा. मुखिया सज्जन माणूस. सुरुवातीलाच म्हणाला, "कोणी काही नाव घ्यायचं नाही. तो जमाना गेला. आपण फक्त विचारतोय." मग तेंदानीला विचारलं, "त्याने तिथे खाल्लं?"

"खाल्लं."

"स्वतः मागून?"

"मागून."

"तिने आधी चाखलं?"

तेंदानीने पदराचं टोक तोंडात धरलं होतं. वाईट बाई नव्हती ती. खोटं बोलता आलं असतं, पण ती चर्चला जाणारी. म्हणाली, "नाही."

अंगणभर कुजबुज झाली. मी उठून म्हणालो, की त्याच पातेल्यातली उरलेली पेज मी स्वतः खाल्ली, आणि हा बघा मी उभा आहे. ते खरंच होतं. मागून कोणीतरी म्हणालं, "तू इथला नाहीस. तुला लागत नाही." पितरांचा हिशेब वेगळा, वगैरे.

मुखियाने मावशीला विचारलं, "का नाही चाखलंत?"

मावशी चटईवर आडवी होऊन, रीतीप्रमाणे हात जोडून बोलली. आवाज मात्र वाकलेल्या माणसाचा नव्हता. "या गावाला मी तरुणपणापासून पाजलं. प्रत्येक मडक्यातला पहिला घोट मी घेतला. तुमच्या लग्नात घेतला, मुखिया, तुमच्या वडिलांच्या दिवसाला घेतला. लुफुनोच्या लग्नातला पहिला घोट माझा. आणि मग तुम्ही टायर घेऊन आलात. चाखून काय उपयोग झाला?"

मुखियाने घसा साफ केला आणि बैठक संपली असं सांगितलं. काहीच ठरलं नाही. त्या गावात न ठरवताच ठरतं.

त्या शनिवारी मेळ आला नाही. पाहुणे अंगणात कॅमेरे घेऊन बसले होते. एलिना बाईंनी फोन केला तर लुफुनो म्हणाला, "तिथे ती आहे तोवर पोरं यायला तयार नाहीत, बाई. माझं काही नाही. मी म्हातारा होत आलो, मला काय होणार? पण पोरं..."

बाई दोन दिवस स्वयंपाकघराकडे फिरकल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आल्या आणि स्टुलावर बसून म्हणाल्या, "मातोड्झी, थोडे दिवस मुलीकडे जाऊन येतेस का?"

"तिच्याकडे पाव खातात," मावशी म्हणाली.

तरी ती गेली नसती. मातीपाशी राहायला परत आलेली बाई ती. पण पुढच्या सोमवारी सकाळी मी तिला आणायला गेलो तर ती फाटकाशी उभी होती. फाटकाला टेकवून कोणीतरी एक टायर ठेवला होता. जुना, झिजलेला. त्यात काही नव्हतं, चिठ्ठी नव्हती, तेल नव्हतं. नुसता टायर.

मी गाडीतून उतरलो.

"बघ रे ड्रायव्हरा," ती म्हणाली, "तुझ्या गाडीला बसतोय का?"

मी पोलिसांत जाऊ म्हणालो. ती म्हणाली, "जाऊन सांगणार काय? टायर सापडला?" आत गेली, दोन पातेली, लाकडी पळी, चादर बांधली. मग न्त्सांडेनीच्या मातीवर बिअर ओतली. तयार नव्हती, आंबायला अजून दिवस हवा होता, तरी ओतली. बराच वेळ बसली. काय बोलली ते मी ऐकलं नाही. लांब उभा होतो. गाडीत बसल्यावर तिने एकदाच विचारलं, "सीमेवर लॉऱ्या उभ्या असतात म्हणे, दिवस दिवस?"

मी तिला सीमेवरच्या मुसिनाला सोडलं. त्या रखरखीत उन्हात, झिंबाब्वेच्या पुलाकडे जाणाऱ्या लॉऱ्यांच्या रांगेत तिने चुलीचे तीन दगड मांडले. झांबियाचे, मलावीचे, काँगोचे ड्रायव्हर. त्यांना तिचं नाव माहीत नव्हतं, "आई" म्हणायचे. सकाळी मग्विन्या, म्हणजे पिठाचे तळलेले गोळे, दुपारी व्हुस्वा आणि अळ्या. मुसिनाला मोपाने दारातच, अळ्या ताज्या मिळायच्या. मी फेरी असली की थांबायचो. मुताव्हानीबद्दल ती एकच विचारायची, पाऊस झाला का. झाला म्हटलं तर मान हलवायची, नाही म्हटलं तरी तशीच.

एलिना बाईंनी नवी स्वयंपाकीण आणली. तिच्या उकडीत गाठी असतात. पाहुणे बोटं चाटून खातात आणि मेळातले लोकही आता त्यांच्याबरोबर बसतात. ती प्रथा कुठे गेली असं कोणी विचारत नाही.

दोन हिवाळे मावशीने रांगेत काढले. तिसऱ्यात धुराने आणि थंडीने छाती भरली, आणि तिथल्या इस्पितळात ती गेली. दाकालोला मी कळवलं. ती एकटीच आली, पोरांना ठेवून. तिला आईला मुताव्हानीला, वडिलांच्या शेजारी न्यायचं होतं. तिने मुखियाला माझ्यासमोर फोन लावला. मुखिया नाही म्हणाला नाही. "तुझं दुःख मोठं आहे पोरी," म्हणाला, "आपण बैठक घेऊ. रविवारी घेऊ."

दाकालोने फोन खाली ठेवला. "काय म्हणाले?" मी विचारलं.

"बैठक घेतो म्हणाले." मग म्हणाली, "इथेच पुरू या."

मुसिनाची जमीन कडक. खड्डा खणायला लॉऱ्यांवरचे चारजण आले, कुदळी त्यांनीच कुठूनतरी आणल्या. पाद्रीही घाईत होता. पेटी खाली गेली, त्या चौघांनी आपापल्या भाषेत काहीतरी म्हटलं आणि मूठ मूठ माती टाकली. तेवढ्यात रांग पुढे सरकल्याचा भोंगा वाजला, तसे ते हात पुसत धावत गेले. खड्डा अर्धाही बुजला नव्हता. एक कुदळ दाकालोने उचलली, एक मी.